भात कापायचं मशीन भाड्यानं (डिचोली, गोवा): मशीनला साडेचार, सर्व्हिसला तीन, आमच्या गावाला अडीच स्टार

बरेच जण विचारत होते म्हणून लिहितोय. यंदा सरदाचं (पावसाळी) भात आम्ही वाड्यावरच्या लोकांनी मिळून कम्बाईन हार्वेस्टरनं कापून घेतलं, भाड्यानं. कोपरे सोडले तर विळा कुणी हातात घेतलाच नाही म्हटलं तरी चालेल. आधीच सांगतो, मशीन मस्त आहे, परत बोलवणार. पण हा काही फ्रीज नव्हे की पैसे दिले, घरी आणला, प्लग लावला आणि झालं गार पाणी. हार्वेस्टर चालणार की नाही हे अर्धं त्याच्या इंजिनवर आणि अर्धं तुमच्या शेजाऱ्यांवर असतं, म्हणून वर गावालापण स्टार दिलेत.

सर्व्हिसवाल्याचं नाव टाकत नाही, सगळ्यांचं साधारण सारखंच असतं. मशीन बाहेरच्या राज्यातनं लॉरीवर चढवून येते, ऑपरेटर आणि हेल्पर सोबत, ते हंगामभर तिच्याबरोबरच फिरतात, डिचोली झाली की सत्तरी, मग पेडणे, एका गावातलं संपलं की रात्रीच पुढच्या गावात. आमच्याकडे आली ती चेनची, म्हणजे टायरऐवजी पट्ट्यावर चालणारी. हे महत्त्वाचं आहे हां, कारण टायरची स्वस्त पडते आणि कोरड्या शेतात पळतेसुद्धा, पण आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही, जमीन मऊच असते, तिथे टायर रुतला की ओढायला ट्रॅक्टर बोलवा. चेनवर वजन पसरतं म्हणून ती ओल्यात जाते. तरी साचलेल्या पाण्यात कुठलीच मशीन धड चालत नाही, आठ-दहा दिवस आधी मेर (शेताचा बांध) फोडून पाणी सोडून द्यायचं.

रेट तासावर. अडीच आणि तीन हजाराच्या मधे काहीतरी ठरलं, डिझेल त्यांचं. इंजिनला तासांचा मीटर असतो, चालू करताना आणि बंद करताना त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर तोंडं बघत बसायची वेळ येत नाही. आमच्यात वाद झालाच, पण तो ऑपरेटरशी नाही, आपापसात. एका शेतातनं दुसऱ्या शेतात जायचा वेळ कुणाच्या खात्यावर धरायचा? ऑपरेटर म्हणतो इंजिन चालू म्हणजे मीटर चालू, त्याचं बरोबरच आहे. मधल्या पडीक कुणग्यांना (शेताच्या तुकड्यांना) वळसा घालून यायला जो वेळ गेला तो शेवटी सगळ्यांत वाटून घेतला आणि दोघं अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

सर्व्हिसला तीनच स्टार का, तर तारीख. फोन एकजण उचलतो, तारीख दुसराच देतो आणि मशीन येते तिसऱ्याच्या मनात येईल तेव्हा. भात पिकून उभं, आकाशात ढग, आणि तिकडून "उद्या दादा, उद्या नक्की". पलीकडच्या गावात मोठं सलग शेत मिळालं की आमच्यासारखे छोटे मागे पडतात, धंदा म्हणून ते कळतं पण दाणा गळायला लागल्यावर समजूतदारपणा कुठून आणायचा.

काम मात्र बघण्यासारखं. पुढचं कटर भात कापतं, आत ड्रममध्ये मळणी होते, चाळणी आणि पंख्यातनं पोल-कस्पट उडून जातं आणि दाणा टाकीत. म्हणजे कापणी, पसरून वाळवणं, पेंढ्या बांधणं, डोक्यावरनं खळ्यात नेणं, झोडणं, वारवणं हे सगळं एका फेरीत. सलग शेत असलं तर तासाला एकरभर होतं म्हणतात, आमच्या तुकड्या-तुकड्यात त्याच्या निम्मं धरा, अर्धा वेळ तर वळण्यातच जातो. दाणा सांडतो का? सांडतो, पण उभ्या पिकात फार नाही. आडवं पडलेल्या भातात मात्र बराच जातो, तिथे कटर खाली घ्यावं लागतं, मग मातीपण आत येते. आणि पंखा जास्त ठेवला की भरलेले दाणेसुद्धा मागून पेंढ्याबरोबर उडतात, म्हणून पहिली फेरी झाली की मागचा पेंढा मुठीत घेऊन झटकून बघा, दाणे दिसले तर ऑपरेटरला तिथल्या तिथे सांगा, तो कमी करतो. आमचा ऑपरेटर पोरगाच होता पण हात साफ.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. आधीच्या गावातलं भात मशीनच्या पोटात शिल्लक असतं. ते तुमच्या भातात मिसळतं, रानभाताचं किंवा दुसऱ्या जातीचं बी असलं तर पुढच्या वर्षी तुमच्याच शेतात उगवतं. खायला ठेवणार असाल तर ठीक, बियाण्याला ठेवणार असाल तर मशीन रिकामी फिरवून साफ करून घ्या, नाहीतर बियाण्याचा कोपरा विळ्यानंच कापा. आम्ही कोपरा कापला.

आता गावाचे अडीच स्टार. पावर टिलर गोव्यात आला तेव्हा त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. लहान, एका माणसाचं काम, मेरेवरनं उचलून-ढकलून पलीकडे जातो, आपल्या कुणग्यात नांगरतो आणि परत. बैल गेले, जू-नांगर माळ्यावर गेले, पण शेताचा आकार आणि शेजारी जिथल्या तिथे राहिले. हार्वेस्टरचं उलटं. त्याला आत शिरायला वाट लागते, आणि तुमचं शेत जर मधे असेल तर ती वाट दुसऱ्यांच्या उभ्या पिकातनं जाते. म्हणजे कडेच्यानं आधी कापलं पाहिजे, मग त्याच्या पुढच्यानं, मेरा जागोजागी फोडायला लागतात, आणि मशीन गेल्यावर त्या परत कोण बांधणार यावर मीटिंग.

आमच्यात एक मधला कुणगा असा आहे ज्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला गोव्याचा सातबारा) अजून पणजोबांचं नाव आहे. वारस मोजायला गेलं तर मुंबई, दुबई, वास्को, पर्वरी. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा हिस्सा, जावई-सून पण सहीला लागतात, न्याय म्हणून ते चांगलंच आहे आणि बाकीच्या देशाला आपण ते अभिमानानं सांगतो, पण परिणाम हा की चार गुंठ्यांना पंधरा मालक आणि कसणारा कुणी नाही. तिथे आता माणसाएवढं गवत. ते कापून वाट करायची तर परवानगी कुणाची घ्यायची? फोन केला तर तिकडून "तिथे आमचं शेत आहे?" म्हणून आम्हालाच विचारतात.

जुन्या लोकांकडे या गोष्टीला उत्तर होतं. गावकारी, म्हणजे गावची जमीन मिळून सांभाळणारी गावकारांची संस्था. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हणून कागदावर बसवली, अजूनही गोव्यात 223 आहेत. बांध कधी घालायचा, मानशीचं (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं) दार कधी उघडायचं, खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतात) खारं पाणी शिरू नये म्हणून कुणी राखण करायची, शेतं लिलावानं कुणाला द्यायची, सगळं एकत्र ठरायचं. आता कुणी म्हणेल वा, किती छान, तर तसंही नाही, गावकार कोण आणि कूळ कोण हे जन्मानंच ठरलेलं असायचं, आणि आमचे आजोबा कूळच होते. मुक्तीनंतर 1964 ला कूळ कायदा आला, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणारा मालक झाला, त्यामुळेच आज मी इथे हार्वेस्टरचा रिव्ह्यू लिहितोय, भाटकाराकडे (जमीनदाराकडे) खंडाचं माप घालत नाहीये. पण जमीन वाटली गेली तशी मिळून करायची कामं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. खाजनांच्या बांधांसाठी कुळांचे संघ केले, काही ठिकाणी ते झटून काम करतात, काही ठिकाणी फक्त मानशीच्या मासळीच्या लिलावाला सगळे हजर.

मशीननं हेच परत मागितलं. सगळ्यांनी एकत्र बसा, एक तारीख ठरवा, वाट ठेवा. गावकारी नाही म्हणून मग व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि गणपती धो धो, "सोमवारी मशीन येते, कोण तयार" विचारलं की निळ्या टिका आणि शांतता. शेवटी दोघं-तिघं घरोघरी गेले, चहा पिऊन सही घेतल्यासारखं हो म्हणून घेतलं, तेव्हा जमलं. ज्यांनी जमवलं ते सगळे पन्नाशीच्या पुढचे, एक बाय तर सत्तरीची, पण कोणाची मेर कुठे फोडली तर तो चिडणार नाही हे तिलाच माहीत. जीपीएस नाही लागलं.

एक तारीख म्हणजे भाताची एकच जात. हे मला आधी एवढं लक्षात आलं नव्हतं. भात एकाच आठवड्यात पिकायला हवं तर बी पण सारखं हवं, मग सगळे ज्योती. केरळच्या पट्टांबीची जात, लाल दाणा, चार महिन्यांच्या आत तयार, उकड्या तांदळाला बरी, ताठ उभी राहते. कुणी वाईट म्हणणार नाही. पण आमच्याकडची उंच वाढणारी जुनी भातं, ती दाणा भरला की वाऱ्यानं आडवी होतात, विळ्याला त्याचं काही नसायचं, मशीनला चालत नाही. म्हणजे बी कुठलं पेरायचं हे आता शेतात जाऊ शकणारी मशीन ठरवते, खाणारा नाही. खाजनातलं कोरगुट अजून टिकलंय ते त्याच्या खारेपणा सोसण्यामुळे, तिथे ज्योती टिकतच नाही. जुने गोव्याजवळ एळाला जी केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे त्यांनी गोवा धान म्हणून खाऱ्या जमिनीसाठी जाती काढल्यात, हे चांगलं काम झालंय, ओळखीचं कुणी लावत असलं तर बी मागून घ्या.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकात टोमॅटो तोडायचं मशीन आलं, त्याच्या धक्क्यानं मऊ टोमॅटो फुटायचे, तर विद्यापीठानं टोमॅटोच बदलला, सालीला जाड, घट्ट, सगळे एकदम पिकणारे. मशीन महाग, छोट्यांना परवडेना, टोमॅटो पिकवणारे शेतकरी चार हजाराच्या आसपास होते ते 1973 पर्यंत सहाशेवर आले. आपल्याकडे मशीन भाड्यानं मिळते म्हणून तेवढं होणार नाही असं मला वाटतं, विकत घ्यायची सक्ती नाही हा मोठा फरक. केंद्राच्या 2014-15 पासूनच्या यांत्रिकीकरण योजनेत अवजारं भाड्यानं देणाऱ्या केंद्रांना मदत आहे, पण आमच्या जवळपास असं केंद्र चालवणारा गावातला कुणी नाही. असता तर तारखेची कटकट निम्मी झाली असती. पोरांना सांगून बघितलं, ती म्हणतात सरकारी नोकरीचा फॉर्म भरलाय.

पेंढा. यावर खूप प्रश्न येतात. हातानं कापलं की लांब पेंढा, पेंढ्या बांधून गोठ्यात. मशीन तो चुरगळून शेतभर पसरवते आणि खाली वीतभर धसकटं ठेवते. वाड्यावर ज्यांच्याकडे दोन-चार म्हशी उरल्यात त्यांची तक्रार खरी आहे, त्यांना आता पेंढा विकत आणावा लागतो, मग दूध परवडत नाही, मग म्हशी विकतात. आधी बैल गेले म्हणून पेंढ्याची किंमत गेली, आता पेंढा गेला म्हणून म्हशी चालल्या, कुठून सुरू झालं ते सापडत नाही. आणि मोकाट गुरं मात्र वाढतायत, रस्त्यावर झोपतात, कापणी झाली की शेतात. त्यांच्या भीतीनं पुढचं वायंगण (उन्हाळी भात) करायला लोक कचरतात. पेंढा गोळा करून गठ्ठे बांधायचं बेलर मशीन असतं, ते हार्वेस्टरबरोबर आणलं तर गोठेवाल्यांचा प्रश्न सुटेल, सर्व्हिसवाल्याला विचारलं, तो म्हणाला एवढ्याशा शेतात बेलर परवडत नाही.

पेंढा जाळू नका एवढंच सांगतो. पंजाबात काय झालं ते बघा. तिथे कम्बाईन आधीपासून होती, धसकटंपण होती. मग भूजल वाचवायला 2009 ला कायदा केला की भाताची लावणी जूनमधल्या ठरलेल्या तारखेआधी करायची नाही, हेतू चांगला, पण लावणी पुढे गेली तशी कापणीपण पुढे गेली आणि गहू पेरायला मधे वेळच उरला नाही, मग काडी लावणं सोपं. दिल्लीला धूर. एक मशीन, एक कायदा आणि एक पेरणीची तारीख, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. आपल्याकडे तशी घाई नाही, धसकटं टिलरनं मातीत घाला, सरळ.

ओलं भात हा दुसरा मुद्दा. विळ्यानं कापलेलं भात शेतातच दोन ऊन खायचं मग झोडायचं. मशीनमधनं दाणा थेट ओला येतो, शंभरात वीस-बावीस भाग पाणी, साठवायला चौदापर्यंत खाली आणायला लागतं. ताडपत्र्या आधी जमवून ठेवा, शेजाऱ्याच्यापण मागून ठेवा, कारण सगळ्यांचं एकाच दिवशी येतं. आमच्याकडे देवळाचं अंगण, शाळेच्या बाजूचं ग्राउंड आणि शेवटी रस्ता, सगळीकडे भात. संध्याकाळी पाऊस आला आणि जी पळापळ झाली ती कापणीपेक्षा जास्त दमवणारी. म्हणजे कापायची मेहनत वाचली आणि वाळवायची एकदम अंगावर आली, आणि ही वाळवणी सगळी घरातल्या बायकांवर, हिशोबात ती कुणी धरत नाही, तासाचा रेट तर नाहीच. गावात एक ड्रायर असता तर. ज्यांना घरी उकडे करायचेत त्यांनी थोडं भात तसंच ओलं भिजवून उकडायला घातलं, त्यांचं बरं झालं.

मजुरीबद्दल. काही लोक म्हणतात मशीननं बायकांचं काम नेलं. आमच्या गावात तरी कापणीला येणाऱ्या बायका मशीनच्या आधीच गेल्या, कोण औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला, कोण हॉटेलात, तिथे बारा महिने पगार मिळतो, इथे पंधरा दिवस कंबर मोडायची. त्यांच्या जागी बाहेरचे कामगार आले, त्यांचा रेट चढला, मग मशीन. पण वाड्यावर दोन-तीन जणी आहेत ज्यांना कारखान्यात आता कुणी घेत नाही आणि कापणीचं भात मिळायचं त्यावर त्यांचे काही महिने निघायचे. त्यांचं काम मशीननंच नेलं, यात शंका नाही. आम्ही कोपरे कापायला आणि वाळवणीला त्यांनाच घेतलं, पण ते पहिल्याइतकं नाही.

आणि डिचोलीबद्दल बोलायचं तर खाणींशिवाय पूर्ण होत नाही. खाण चालू असताना शेती कोण करायचं? ट्रकचा हप्ता आणि डंपचा पैसा. 2012 ला बंद पडल्या, 2018 ला परत बंद, तेव्हा काही जण शेतात परतले, पण शेत कुठे जागेवर होतं, लाल गाळ बसलेला. त्या गाळात चेनचीपण मशीन जपून घाला, वरनं सुकं दिसतं आणि आतनं चिकण.

लावणीचं मशीनपण कुणीतरी विचारलं होतं. बघितलंय, घेतलं नाही. त्याला ट्रेमध्ये चटईसारखा तरवा (रोपं) करावा लागतो, शेत एका पातळीत आणि पाणी मोजून, आमची शेतं तशी नाहीत. ड्रोनचा डेमो मात्र झाला, सगळ्यांनी व्हिडिओ काढले, स्टेटसला लावले. पुढे काही नाही.

सबसिडी हवी असेल तर कृषी कार्ड लागतं, आणि ते नसेल तर परत एक-चौदाचा उतारा आणि सह्या, म्हणजे वरचंच रामायण. विभागीय कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या, मशीन येऊन गेल्यावर नको, बिल पक्कं घ्या, नावासकट. आमच्यातल्या काहींना साध्या चिठ्ठीवर हिशोब मिळाला, तो काही उपयोगाचा नाही.

वायंगणासाठी आम्ही फेब्रुवारीतच फोन करणार आहोत, तेव्हा जमीन कोरडी असते त्यामुळे टायरची चालेल, पैसे वाचतील. मये, नार्वे, साळ बाजूचं कुणी असेल आणि त्याच सुमाराला कापणार असेल तर मेसेज टाका, एकत्र बुक केलं की मशीनवाला तारीख टाळत नाही. आणि ऑपरेटरचं जेवण आपल्याकडे असतं, आधी विचारून घ्या, आम्ही हुमण (माशांची आमटी)-भात वाढला आणि तो निघाला शाकाहारी, मग दुकानातनं पाव-भाजी.